गँगस्टरची पहिली दोन मिनिटं

ब्रिटनमध्ये सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वयात, ‘मीडिया स्टडीज’ हा विषय घेता येतो. ओसीआर नावाच्या परीक्षा मंडळाने २००८ पासून जवळजवळ दशकभर या विषयाला एक प्रात्यक्षिक ठेवलं होतं. नव्या, काल्पनिक सिनेमाची सुरुवात तयार करायची, श्रेयनामावलीसकट. लांबी जास्तीत जास्त दोन मिनिटं. गटात चौघांपेक्षा जास्त जण नकोत. चित्रण, संवाद, आवाज सगळं स्वतःचं हवं. संगीत बाहेरून घेतलंच तर ते हक्कमुक्त असावं. शंभर गुणांपैकी साठ प्रत्यक्ष फिल्मला, वीस आधीच्या तयारीला आणि वीस ‘आपण काय केलं आणि का केलं’ याच्या झडतीला.

पुढचा सिनेमा करायचाच नाही. नुसतं दार उघडून दाखवायचं आणि आत काय आहे ते सांगायचं नाही, असा हा प्रकार.

या वयाच्या पोरांना असं मोकळं रान दिलं की ती कुठे धावतात हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. भुताचा सिनेमा नाही तर गँगस्टरचा. त्यातला गँगस्टरपट करायला सोपा वाटतो. दोस्त आहेत, डोक्यावर ओढायची टोपी असलेली जाकिटं आहेत, घरामागे एखादा अंधारा बोगदा नाहीतर पार्किंगची जागा आहे. अजून काय लागतं? बुलडाणा जिल्ह्यातल्या आमच्या देऊळगाव राजात हाच प्रश्न कुणी विचारला तर उत्तरही फारसं वेगळं येणार नाही. दोस्त आहेत, बुलेट आहे, काळे गॉगल आहेत, जालना रोड आहे. मोबाइल तर सगळ्यांकडेच आहे. आपल्याकडच्या पोरांना परीक्षा मंडळ असलं काही करायला सांगत नाही, तरी ती करतातच. त्याला रील म्हणतात.

या दोन मिनिटांच्या कामात एक अडचण दडलेली आहे, ती पोरांच्या लवकर लक्षात येत नाही. गँगस्टरपट हा जगभर शेवटावर उभा असलेला प्रकार आहे. गावातून किंवा गल्लीतून आलेला पोरगा वर चढतो, पैसा येतो, दरारा येतो आणि मग कोसळतो. हा कोसळण्याचा भाग सेन्सॉरच्या धाकाने पक्का झाला. १९३०च्या आसपास हॉलिवूडमध्ये ‘लिटल सीझर’, ‘द पब्लिक एनिमी’ आले तेव्हा ‘तुम्ही गुंडांना हिरो करताय’ अशी ओरड झाली. ‘स्कारफेस’ तयार होता, पण १९३२ साली तो पडद्यावर यायच्या आधी नावाला ‘देशाची लाज’ अशा अर्थाचं शेपूट जोडावं लागलं आणि नायक फासावर जातो असा दुसरा शेवटही चित्रित करावा लागला. पुढे सेन्सॉर सैल झाला, तरी शेवट राहिला, कारण तोवर प्रेक्षकाला त्याची चटक लागली होती. ‘वास्तव’मध्ये नायक रघू आईच्या हातून मरतो, ‘सत्या’मध्ये जवळजवळ कुणीच उरत नाही.

आता दोन मिनिटांच्या सुरुवातीचा विचार करा. शेवट नाहीच. हिशोब चुकता व्हायची वेळच येत नाही. उरतो तो फक्त चढ: स्लो मोशनमधली चाल, सिगारेटचा धूर, मागे धडधडणारं संगीत. म्हणजे प्रात्यक्षिकाची अटच अशी की पोरगं नकळत गुंडाची जाहिरात करून बसेल. रीलचं नेमकं हेच होतं. रील म्हणजे कधीच पुढे न सरकणारी सुरुवात. म्हणून गँगस्टरपटाच्या सुरुवातीला एकच गोष्ट जमावी लागते. या सगळ्याची किंमत काय, ते तिथेच दिसलं पाहिजे. नंतर सांगू म्हणून चालत नाही.

जाणत्या दिग्दर्शकांनी ती कशी जमवली ते पाहण्यासारखं आहे. महेश मांजरेकरांचा ‘वास्तव’ (१९९९) समुद्रकिनाऱ्यावर सुरू होतो. एक कुटुंब वर्षश्राद्ध करतंय. लहान मुलगा विचारतो, हे कुणाचं? आणि आजी सांगायला लागते. रघूची पावभाजीची गाडी, ते भांडण, पहिला खून हे सगळं यानंतर येतं. आपण दोन तास ज्याची ऐट बघणार आहोत त्याचं पिंडदान आधीच आटोपलेलं असतं. ‘दीवार’ (१९७५) तर सत्कार समारंभाने उघडतो. इन्स्पेक्टर मुलाचा गौरव होतोय, आई व्यासपीठावर आहे आणि दुसरा मुलगा तिथे नाही. मार्टिन स्कॉर्सेसीच्या ‘गुडफेलाज’ची (१९९०) सुरुवात रात्रीच्या रस्त्यावर होते. गाडीच्या डिकीतून धपधप आवाज येतो. डिकी उघडते, आतला माणूस अर्धमेला आहे, त्याला पुरता मारतात आणि तेवढ्यात नायकाचा आवाज सांगू लागतो की लहानपणापासून मला गँगस्टरच व्हायचं होतं. रक्त आधी, स्वप्न नंतर. हा क्रम उलटा केला असता तर सिनेमाच वेगळा झाला असता. ब्राझीलच्या ‘सिटी ऑफ गॉड’मध्ये (२००२) वस्तीतली पोरं सुटलेल्या कोंबडीमागे पिस्तुलं घेऊन धावतात, सुरीला धार लावल्याचा आवाज आधीच कानात बसलेला असतो. कोंबडी कोण आणि सुरी कुणाच्या हातात, हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

ब्रिटिश सिनेमाने आणखी एक गोष्ट केली, आणि आपल्या पोरांनी उचलावी तर ती. त्यांनी गुंडापेक्षा पोराकडे जास्त पाहिलं. गाय रिचीच्या ‘लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स’मध्ये (१९९८) पहिल्याच दृश्यात रस्त्यावर पेटी उघडून चोरीचा माल विकणं चालतं, पोलीस दिसले की पेटी टाकून पळ. ‘ट्रेनस्पॉटिंग’ (१९९६) एडिंबराच्या रस्त्यावर धावत सुटलेल्या पोरांनी उघडतो. ‘अटॅक द ब्लॉक’मध्ये (२०११) फटाक्यांच्या रात्री दक्षिण लंडनमध्ये कामावरून घरी निघालेल्या शिकाऊ नर्सला पोरांचं टोळकं लुटतं, आणि पुढे सिनेमा आपल्याला त्याच पोरांच्या बाजूला आणून उभा करतो. त्या टोळक्याचा म्होरक्या झालेला जॉन बोयेगा पुढे ‘स्टार वॉर्स’मध्ये गेला.

पण या सगळ्यांत जास्त वेळ थांबावं ते शेन मेडोजच्या ‘धिस इज इंग्लंड’पाशी. सिनेमा २००६चा, गोष्ट १९८३ची. बाप फॉकलंडच्या लढाईत गेलेला, शाळेत चिडवला जाणारा बारा वर्षांचा शॉन डोकं भादरलेल्या पोरांच्या टोळक्यात सामील होतो. सुरुवातीला मात्र शॉन नाहीच. सुरुवातीला आहेत त्या काळच्या टीव्हीवरच्या चित्रफिती: पंतप्रधान मार्गारेट थॅचर, राजघराण्यातलं लग्न, दंगली, संप, फॉकलंडचे सैनिक, मुलांच्या कार्यक्रमातला बाहुला उंदीर. आणि या सगळ्यावर जमैकाचं रेगे गाणं, टूट्स अँड द मेटल्सचं. चित्रात इंग्लंड, कानात जमैका. यातच सिनेमाचं सगळं भांडण आहे. डोकं भादरलेले, जाड बूट आणि पट्टे घालणारे हे ‘स्किनहेड’ म्हणजे वर्णद्वेषी गुंड, अशी पुढे ओळख झाली. प्रत्यक्षात १९६०च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या कामगार वस्त्यांतल्या गोऱ्या पोरांनी हा थाट आणि हे संगीत शेजारच्या जमैकन पोरांकडून उचललं होतं. द्वेषाचं राजकारण त्यात नंतर घुसलं. मेडोजने सुरुवातीला हे एकाही वाक्यात सांगितलं नाही. गाण्याची निवड केली आणि गप्प बसला.

शॉनचं काम करणारा थॉमस टरगूस हा ग्रिम्सबीचा पोरगा, आधी कधी अभिनय न केलेला. निवड चाचणीला यायचे त्याने पाच पौंड मागितले होते, हा किस्सा प्रसिद्ध आहे. या सिनेमाला तिथल्या प्रमाणपत्र मंडळाने ‘१८’ दिलं, म्हणजे ज्याच्या चेहऱ्यावर सिनेमा उभा आहे तो पोरगाच तो थिएटरात पाहू शकत नव्हता. ब्रिस्टलसारख्या काही ठिकाणच्या नगरपालिकांनी आपला अधिकार वापरून ते ‘१५’ केलं. नगरपालिकेला असा अधिकार असतो याची मला मोठी मौज वाटली. आपल्याकडे नगरपालिकेने सिनेमात लक्ष घालायचं म्हणजे नाट्यगृहाच्या गळक्या छतापुरतंच.

पोरांच्या कपड्यांवरून त्यांना गुंड ठरवायची खोड ब्रिटनला जुनी. १९६४च्या ईस्टरला क्लॅक्टन नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात थंडी-पावसात कंटाळलेली ‘मॉड’ आणि ‘रॉकर’ पोरं एकमेकांत भिडली. काही खिडक्या फुटल्या, थोडी हाणामारी झाली. वर्तमानपत्रांनी मात्र युद्ध पेटल्यासारखं छापलं. पुढच्या सुट्टीत त्या बातम्या वाचूनच जास्त पोरं किनाऱ्यांवर जमली. समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोएनने यावर १९७२ साली पुस्तक लिहिलं, ‘फोक डेव्हिल्स अँड मॉरल पॅनिक्स’. समाज एखाद्या गटाला राक्षस ठरवतो, बातम्या ते चित्र फुगवतात, आणि ती पोरं हळूहळू त्या चित्रासारखीच वागू लागतात, असं त्याचं म्हणणं. २००५मध्ये केंटमधल्या ब्लूवॉटर या मोठ्या मॉलने डोक्यावरची टोपी ओढून फिरायला बंदी घातली, तेव्हा तेच परत घडलं. लगेच पुढच्या वर्षी नोएल क्लार्कने लिहिलेला ‘किडल्टहूड’ आला. पश्चिम लंडनच्या शाळेतली छळलेली मुलगी आत्महत्या करते, शाळेला सुट्टी मिळते, आणि त्या सुट्टीच्या एका दिवसात पोरं काय काय करतात ते त्यात आहे. मीडिया स्टडीजच्या वर्गांत हे सगळं शिकवतात. म्हणून गँगस्टरपटाची सुरुवात करणाऱ्या पोराला नंतर उत्तर द्यावं लागे: तुझ्या फिल्ममध्ये पोरं कशी दिसतात, आणि तशी का दाखवलीस?

पुण्यातल्या ‘कोयता गँग’च्या बातम्या आठवा. वेगवेगळ्या हद्दींतल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या पोरांच्या टोळक्यांना मथळ्यांमुळे एकच नाव मिळालं आणि बघता बघता कोयता हाच थाट होऊन बसला. कोएनला पुण्यात फार संशोधन करावं लागलं नसतं.

आपल्याकडे गँगस्टरपट हा पोरांचा सिनेमा कधी झाला? उत्तर मुंबईच्या गिरणगावात सापडतं. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरात चूल विझायची पाळी आली. त्या चाळींतली विशी-पंचविशीची पोरं टोळ्यांना आयती सापडली. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकातलं कुटुंब याच काळातलं. त्याच गोष्टीवर मांजरेकरांनी २०१०मध्ये ‘लालबाग परळ’ केला. थॅचरच्या इंग्लंडात खाणी आणि कारखाने बंद पडत होते त्याच वर्षांत आपल्या गिरण्या बंद पडत होत्या. दोन्हीकडची पोरं रिकामी झाली. इकडच्या आणि तिकडच्या गँगस्टरपटांत इतकं साम्य दिसतं ते उगाच नाही. पुढे अभिजित पानसे यांच्या ‘रेगे’मध्ये (२०१४) कॉलेजातला मध्यमवर्गीय मुलगा नुसत्या आकर्षणापोटी टोळीकडे ओढला जातो. आणि प्रवीण तरडेंच्या ‘मुळशी पॅटर्न’ने (२०१८) गिरणीच्या जागी जमीन आणली. पुण्याच्या कडेची शेती विकली गेली, पैसा आला आणि गेला, आणि शेतकऱ्याच्या पोराच्या हाती काहीच राहिलं नाही. आमच्या बुलडाणा जिल्ह्यातही तो सिनेमा लोकांनी हातचं काम टाकून पाहिला. शेतकऱ्याच्या पोराला भाईगिरीची ओढ का लागते, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

विद्यार्थी म्हणून गुन्हेगारीची गोष्ट करणं हेही आपल्याकडे नवं नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना विधू विनोद चोप्रांनी १९७६मध्ये ‘मर्डर ॲट मंकी हिल’ ही छोटी फिल्म केली, भाडोत्री मारेकऱ्याची. त्याच चोप्रांनी १९८९मध्ये ‘परिंदा’ केला, नाना पाटेकरांचा अण्णा सेठ आणि रेणू सलुजा यांचं संकलन या दोन्हींना त्यात राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. दुसरं उदाहरण जास्त जवळचं. नागराज मंजुळे अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यास शिकत होते तेव्हाचा ‘पिस्तुल्या’. शाळेत जावंसं वाटणाऱ्या, पण चोरीकडे ढकलल्या जाणाऱ्या पारधी पोराची गोष्ट. दिग्दर्शकाच्या पहिल्या लघुपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला. त्यातला सूरज पवार पुढे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’मध्ये दिसला. गुन्हेगारीवरची विद्यार्थी-फिल्म, पण तिच्यात दरारा कुठेच नाही, दप्तर आहे.

आता देऊळगाव राजा. इथल्या पोरांनी ब्रिटिश पोरांची ही दोन मिनिटं करायला घेतली तर?

मुंबईची नक्कल करू नये हे उघड आहे, तरी सगळे तीच करतात. इथे गोदी नाही, चाळ नाही, लोकल नाही. जे आहे ते मात्र कॅमेऱ्यासमोर फारसं कधी आलेलं नाही. तालुक्यात मिरची, टोमॅटोच्या बियाण्यांची शेडनेट आहेत; दिवसचे दिवस पोरं-बाया आत वाकून एकेका फुलावर हाताने परागीकरण करतात. तो माल जालन्याच्या बियाणे कंपन्यांकडे जातो. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत कामाला जाणारी पोरं आहेत. शेजारच्या सिंदखेड राजाकडून समृद्धी महामार्ग गेला, डिसेंबर २०२२मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. काहींच्या जमिनी गेल्या, खात्यात पैसे आले, घरापुढे गाडी आली. आश्विनात बालाजीची यात्रा असते, तेव्हा पंचक्रोशी लोटते. आणि बोली धड वऱ्हाडी नाही, धड मराठवाडी नाही. ‘काऊन रे, काय करू राह्यला?’ असं विचारणारा पोरगा पडद्यावर उभा राहिला की मुंबईच्या टपोरी भाषेची गरजच उरत नाही.

या सगळ्यात मी निवडीन ते फ्लेक्स. भाईचा वाढदिवस असला की चौकात फ्लेक्स लागतो. मधोमध भाई, गॉगल लावलेला, मोठा. वरच्या कोपऱ्यांत नेते. आणि खाली ओळीने गोल-गोल चौकटीत शुभेच्छुकांचे बारके फोटो. या ओळीत येण्यासाठी पोरं काय वाट्टेल ते करतात. कुणाचा फोटो कुठल्या ओळीत, कुणाचा भाईच्या जवळ, यात तालुक्याच्या सगळ्या भाईगिरीचा नकाशा असतो. आणि वाढदिवस झाल्यावर त्या फ्लेक्सचं काय होतं? तो शेतात जातो. सोयाबीनच्या गंजीवर, गोठ्याच्या छपरावर, पावसापासून आडोसा म्हणून. प्लास्टिक मजबूत असतं, फुकट मिळतं.

तर सुरुवात तिथून. पहिला शॉट: पाऊस, सोयाबीनची गंजी, तिच्यावर दगडांनी दाबलेला उलटा, उन्हाने रंग उडालेला फ्लेक्स. कोण आहे ते नीट कळत नाही. गॉगल तेवढा ओळखू येतो. एक बाई वाऱ्याने उडालेली कड ओढून दगड ठेवते. तिचा हात खालच्या ओळीतल्या एका फोटोपाशी थांबतो. इथपर्यंत पंचवीस सेकंद, संवाद नाही. मग झटक्यात कट: तोच फ्लेक्स कोरा करकरीत, चौकात दोरीने वर चढतोय, खाली पोरांचा कल्ला, आणि एक पोरगा मान वर करून खालच्या ओळीत स्वतःचा फोटो शोधतोय. सापडतो; शेवटून दुसरा. तो हसतो. पुढचं मिनिटभर त्याची सकाळ: शेडनेटमधून बाहेर येताना बोटांना लागलेले पराग, उधारीचा चहा, हॉटेलच्या बाकावर त्याच्याकडे न पाहता ‘संध्याकाळी एक काम आहे’ म्हणणारा माणूस. आणि शेवटी नाव. बंदूक एकदाही नाही. तलवारीने केक कापणंही नाही, आणि ते न करण्याचं एक व्यवहारी कारणही आहे. कोयता-तलवार हातात घेऊन काढलेल्या व्हिडिओंवरून शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल होतात आणि ‘शूटिंग चाललं होतं’ ही सबब ठाण्यात ऐकली जाईलच असं नाही. नकली शस्त्र दाखवायचंच असेल तर आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवावं. लंडनमध्येही विद्यार्थ्यांना हेच करायला सांगतात. रस्त्यावर खोटं पिस्तूल पाहून तिथे खरे बंदूकधारी पोलीस येतात.

आता थोडं तंत्र, कारण कल्पना चांगली आणि फिल्म बघवत नाही असं फार होतं. ओसीआरने या प्रात्यक्षिकाआधी एक छोटा सराव सक्तीचा केला होता. एक व्यक्ती दार उघडते, खोली ओलांडून दुसऱ्या व्यक्तीसमोरच्या खुर्चीत बसते, आणि दोघं दोन-चार वाक्यं बोलतात. बस. वाचायला हास्यास्पद वाटतं. करून पाहा. दार बाहेरून उघडताना एक शॉट, आतून दुसरा; दोन्हींत हात कडीवर त्याच जागी, दार तेवढंच उघडलेलं हवं, नाहीतर जोड दिसतो. बसलेल्या दोघांमध्ये एक रेघ कल्पायची आणि कॅमेरा कायम तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. रेघ ओलांडली की दोघं एकमेकांकडे बघण्याऐवजी एकाच दिशेला बघताना दिसतात आणि प्रेक्षक गोंधळतो. वर सांगितलेला चहाच्या हॉटेलातला बाक म्हणजे नेमका हाच सराव आहे. फरक इतकाच की आपल्या दृश्यात एक जण दुसऱ्याकडे बघतच नाही. ते मुद्दाम बघत नाही की कॅमेरा चुकीच्या बाजूला गेला, हे प्रेक्षकाला कळायला हवं असेल तर आधी रेघ पक्की पाहिजे.

मोबाइलमध्ये कॅमेरा ‘ऑटो’वर सोडू नये. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. दुकानातल्या एलईडी दिव्यांखाली तीस फ्रेमच्या व्हिडिओत पट्टे फिरताना दिसतात ते त्यामुळे. पंचवीस फ्रेम आणि शटर पन्नासांश सेकंद ठेवलं की बहुतेक वेळा ते जातात. ‘प्रो’ मोड नसेल तर त्यासाठी फुकट ॲप मिळतात. झूम बोटाने करू नये. चार पावलं पुढे जावं.

चित्रापेक्षा आवाजात जास्त पोरं आपटतात. जालना रोडवर ट्रकचा भोंगा नाही असा अर्धा मिनिट मिळणं कठीण. बाकावरच्या माणसाचं वाक्य कॉलरला लावायच्या स्वस्त माइकवर वेगळं रेकॉर्ड करावं. शिवाय प्रत्येक जागी कुणीही न बोलता अर्धा मिनिट नुसता तिथला आवाज टिपून ठेवावा: हॉटेलच्या स्टोव्हचा, शेडनेटच्या जाळीला लागणाऱ्या वाऱ्याचा, फ्लेक्सवर पडणाऱ्या पावसाचा. कट जोडताना आवाजातली खाच बुजवायला तो लागतो. फ्लेक्सवरच्या पावसाचा आवाज मिळाला नाही तर घरी ताणलेल्या ताडपत्रीवर तांदूळ टाकून तो करता येतो. सिनेमातले कितीतरी आवाज असेच केलेले असतात. संगीत मात्र शक्य तेवढं टाळा. एखाद्या दाक्षिणात्य भाईपटाचं ढोलांचं संगीत टाकायचा मोह होतो. हक्काचा प्रश्न आहेच, यूट्यूब ते ओळखून दाबतं. पण खरं कारण हे की ते संगीत आल्याबरोबर पोरगा मोठा होतो, आणि आपल्याला तो ओळीतला शेवटून दुसरा राहायला हवा आहे.

श्रेयनामावलीसाठी ब्रिटिश पोरं बरंच डोकं चालवत, कारण तिला गुण होते. आपल्या फ्लेक्सवर ती सहज बसते: कलाकारांची नावं खालच्या ओळीतल्या गोल फोटोंखाली. देवनागरीत एक काळजी घ्यावी. मोबाइलवरच्या काही एडिटिंग ॲपमध्ये जोडाक्षरं तुटतात, ‘त्र’चा ‘त् र’ होतो, वेलांट्या उड्या मारतात. त्यापेक्षा फ्लेक्स छापणाऱ्या दुकानातूनच ती अक्षरं करून चित्र म्हणून घ्यावीत. तिथल्या माणसाला या नावांचा हात बसलेला असतो. संकलन संगणकावर करायचं असेल तर ‘डाविंची रिझॉल्व्ह’ फुकट आहे आणि व्यावसायिक वापरतात तेच आहे. जुना लॅपटॉप त्यापुढे मान टाकतो, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिला कच्चा जोड साडेतीन-चार मिनिटांचा होईल. तो दोनवर आणताना चालण्याचे शॉट आधी काढावेत. पोरांचा जीव तिथेच अडकलेला असतो, चौघं मिळून कॅमेऱ्याकडे येतायत वगैरे. त्यातून प्रेक्षकाला नवं काहीच कळत नाही. फुलावरची बोटं मात्र एक सेकंदही कापू नयेत.

मग फिल्म अशा कुणाला तरी दाखवावी ज्याने शूटिंग पाहिलेलं नाही. मित्र नको, तो वा-वा करणार. आत्या, मावशी, नाहीतर हॉटेलवाले काका चालतील. तीन प्रश्न विचारावेत. हे कुठलं गाव आहे? हा पोरगा कोण आहे? आणि याचं पुढे काय होणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं चुकली तर आणखी शूटिंग करावं लागतं. तिसऱ्याला ‘मोठा भाई होईल’ असं उत्तर आलं तर नव्याने काही शूट करायची गरज बहुधा नसते. पाऊस आणि गंजीचा शॉट लाजून शेवटी कुठेतरी ढकललेला असतो. तो उचलून पुन्हा पहिल्या जागी ठेवला आणि त्याला आठ-दहा सेकंद वाढवून दिले की त्याच माणसाचं उत्तर बदलतं.